‘हाताने केलेली’ प्रिंट नेमकी कोणती?

प्रश्न : मी घरच्या डार्करूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढतो. एका प्रदर्शनात शेजारच्याने इंकजेट प्रिंटखाली ‘हस्तनिर्मित’ अशी चिठ्ठी लावली होती. बटण दाबून निघालेली प्रिंट हस्तनिर्मित कशी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची चिडचिड समजते, पण डार्करूममध्येही चित्र उमटवतं ते रसायनच. हात दिसतो तो एन्लार्जरखाली. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती हलवत चेहऱ्यावरचा प्रकाश अडवायचा, मग मुठीच्या फटीतून आकाशाला दहा सेकंद जास्त द्यायचे. म्हणून दोन प्रिंट तंतोतंत जुळत नाहीत. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी ‘मूनराइज, हर्नान्डेझ’ची १९४१ची निगेटिव्ह पुढे कितीतरी वर्षं छापली, आकाश काळं होत गेलं.

डिजिटलमध्ये हेच काम पडद्यावर होतं. मेहनत खरी, पण एकदाच. पुढच्या प्रती प्रिंटर काढतो. त्यांना हस्तनिर्मित म्हणणं मला तरी ओढूनताणून वाटतं. मात्र डिजिटल निगेटिव्हवरून, ब्रशने द्रावण लावलेल्या कागदावर सायनोटाइप केला असेल, तर खुशाल म्हणावं.

भांडू नका. तुमच्या चिठ्ठीवर पद्धतच लिहा : ‘सिल्व्हर जिलेटिन, फायबर कागद, स्वतः छापलेली’. शेजाऱ्यालाही ‘पिगमेंट इंकजेट’ लिहायला सुचवा. आणि हो, फायबर कागद भरपूर धुवा. हायपो (फिक्सर) राहिला की प्रिंट पिवळी पडते, मग चिठ्ठी काहीही असो.