लहान करदाता आणि मोफत विधी सेवा
हातकणंगले तालुक्याच्या संदर्भात एक अभ्यास

कराची नोटीस ही शासनाच्या दृष्टीने एक साधी कार्यालयीन बाब असते. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने मात्र ती धास्तीची बाब ठरते. कागद कोणत्या कार्यालयाचा आहे, त्यात मागितलेली रक्कम बरोबर आहे किंवा नाही, उत्तर किती दिवसांत द्यावयाचे, हे न कळल्यामुळे पुष्कळदा तो घडी घालून कपाटात ठेवला जातो. मुदत निघून जाते आणि जी चूक एका अर्जाने दुरुस्त झाली असती ती कायम होऊन बसते. श्रीमंत करदात्याजवळ सल्लागार असतो. लहान करदात्याजवळ कोण असावे, हा या लेखाचा विषय आहे.

तालुक्याचे स्वरूप

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुका हा केवळ ऊस पिकविणारा तालुका नव्हे. इचलकरंजी हे यंत्रमागाचे मोठे केंद्र याच तालुक्यात असून कबनूर, कोरोची, चंदूर, तारदाळ या भोवतालच्या गावांतही मागांचा खडखडाट ऐकू येतो. हुपरी आणि रेंदाळ परिसरात चांदीचे दागिने घडविणारे कारागीर पिढ्यानपिढ्या काम करीत आले आहेत. येथे घर आणि कारखाना यांच्यामध्ये पुष्कळदा एक भिंतही नसते. पुढच्या खोलीत दोन माग आणि मागच्या खोलीत चूल, असा संसार असतो. त्यामुळे उत्पन्न थोडे असूनही कराच्या नियमांशी या कुटुंबांचा संबंध शेतमजुराच्या कुटुंबापेक्षा अधिक वेळा येतो.

कायद्याची घडण

1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने भारतीय संविधानात अनुच्छेद 39-क समाविष्ट झाला. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही नागरिक न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी मोफत विधी सहाय्याची तरतूद करण्याची जबाबदारी त्याने राज्यावर टाकली. तिची पूर्तता म्हणून संसदेने विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 मंजूर केला आणि तो 9 नोव्हेंबर 1995 पासून अंमलात आला. राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवर प्राधिकरणे आणि तालुका पातळीवर विधी सेवा समिती अशी त्याची रचना आहे.

करवीर संस्थानच्या या भूमीला ही कल्पना नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजातील होतकरू व्यक्तींना वकिलीच्या सनदा दिल्या, त्यामागेही कायद्याचे ज्ञान मूठभरांच्या हाती राहू नये हाच विचार होता.

अधिनियमाच्या कलम 12 नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि अटकेतील व्यक्ती यांना मोफत विधी सेवेचा हक्क आहे. या वर्गांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3,00,000 रुपये आहे. उत्पन्नाबाबत अर्जदाराचे शपथपत्र सामान्यतः पुरेसे मानावे, असे कलम 13 सांगते. मात्र प्रकरणात सकृद्दर्शनी तथ्य असले पाहिजे.

कराच्या प्रकरणाला ही सेवा मिळते काय?

मोफत वकील म्हणजे फौजदारी खटल्यातील वकील, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. अधिनियमातील ‘न्यायालय’ या शब्दाच्या व्याख्येत दिवाणी, फौजदारी व महसुली न्यायालयांबरोबरच न्यायाधिकरणे आणि न्यायिक किंवा अर्धन्यायिक काम करणारी अन्य प्राधिकरणेही येतात. ‘विधी सेवा’ या संज्ञेत कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणे अंतर्भूत आहे. म्हणजेच कराच्या अपिलात बाजू मांडणे आणि कराच्या नोटिशीवर सल्ला देणे, ही दोन्ही कामे या सेवेच्या कक्षेत येतात. कायद्याचे दार उघडेच आहे. त्या दारापर्यंत लहान करदात्याला कोणी नेत नाही, ही खरी उणीव आहे.

घरपट्टी : आकारणी आधी तपासावी

गावातील कुटुंबाचा पहिला कर म्हणजे ग्रामपंचायतीची घरपट्टी. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली ती बसविली जाते. डिसेंबर 2015 मधील नियमदुरुस्तीनंतर आकारणी भांडवली मूल्यावर होते. जागेचे व बांधकामाचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, त्याचे वय आणि वापर यांवरून रक्कम ठरते. या चारांपैकी एक नोंद जरी चुकली, तरी पुढील प्रत्येक वर्षाची मागणी चुकते.

घराच्या एका खोलीत माग किंवा चांदीकामाची भट्टी असेल आणि नमुना 8 च्या आकारणी नोंदवहीत संपूर्ण घराचा वापर औद्योगिक म्हणून लिहिला गेला असेल, तर राहत्या खोल्यांवरही जादा कर बसतो. माग विकून टाकल्यावर नोंद तशीच राहिल्याने असे होऊ शकते. म्हणून मागणीचे बिल हाती आल्यावर पहिले काम म्हणजे नमुना 8 चा उतारा घेऊन तो प्रत्यक्ष घराशी ताडून पाहणे. आकारणी मान्य नसल्यास पंचायत समितीकडे आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते.

लोक अदालतीतील सही

घरपट्टी व पाणीपट्टीची थकबाकी दावा दाखल होण्यापूर्वीच राष्ट्रीय लोक अदालतीत ठेवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. ग्रामपंचायतीची वसुली होते, करदात्याचा खर्च व वेळ वाचतो; ही पद्धत उपकारक आहे. परंतु तिची एक बाजू गावकऱ्यांना समजावून सांगितली पाहिजे.

लोक अदालतीची नोटीस म्हणजे शिक्षेचे समन्स नव्हे. तेथे उभयपक्षांच्या संमतीनेच निर्णय होतो व कोणावरही तडजोड लादता येत नाही. मात्र एकदा तडजोड झाली की तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि तिच्याविरुद्ध अपील करता येत नाही. चुकीच्या आकारणीवरील थकबाकी निमूटपणे मान्य करून सही करणारा गृहस्थ आपला अपिलाचा मार्ग स्वतःच बंद करून घेतो. यास्तव आकारणीची तपासणी सहीच्या आधी व्हावयास हवी. जी थकबाकी न्याय्य आहे ती भरणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे. जी न्याय्य नाही ती दाखवून देणे हाही त्याचा हक्क आहे.

मजुरीतून कापलेला कर

दुसरा प्रश्न आयकराचा. व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या लहान यंत्रमागधारकांना या भागात ‘खर्चीवाले’ म्हणतात. ठरावीक मर्यादेवरील उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला अशा मजुरीतून कर कापून भरावा लागतो. एका वेळची रक्कम 30,000 रुपयांपेक्षा किंवा वर्षाची एकूण रक्कम 1,00,000 रुपयांपेक्षा अधिक असल्यास व्यक्तीच्या बाबतीत कपातीचा दर 1 टक्का आहे.

समजा, एका खर्चीवाल्याला वर्षात 2,40,000 रुपये मजुरी मिळाली. त्यातून 2,400 रुपये कापले जातील. विजेचे बिल व कामगारांचा पगार वजा जाता त्याचे उत्पन्न करपात्र नाही. तरीही ही रक्कम आपोआप परत येत नाही. त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. बँकेच्या व्याजाप्रमाणे साध्या स्वयंघोषणेने ही कपात टाळता येत नाही. त्यातच पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झालेला असल्यास कपात 20 टक्क्यांनी, म्हणजे 48,000 रुपयांची होऊ शकते. ज्याला कर देणेच लागत नाही, त्याचे जवळजवळ अडीच महिन्यांच्या मजुरीइतके पैसे अशा रीतीने अडकतात.

विवरणपत्राची मुदत टळली तरी सर्व संपले असे नाही. विलंब माफ करून परतावा मिळावा यासाठी अर्ज करता येतो. ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाने अशा अर्जाची मर्यादा संबंधित आकारणी वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे ठरविली आहे. विलंबाचे कारण नीट मांडणारा अर्ज लिहून देणे, हेच येथे खरे विधी सहाय्य होय.

अनुदानाचा प्रश्न

अशा साहाय्यासाठी पैसा कोठून यावा? अमेरिकेने 1998 च्या कायद्याने याला स्वतंत्र उत्तर दिले. अल्प उत्पन्न करदात्यांचे तंटे चालविणाऱ्या विधी केंद्रांना सरकारी अनुदान देण्याची तरतूद तेथे झाली. मूळ कायद्यात प्रत्येक केंद्रास वर्षाला कमाल 1 लाख डॉलर ही मर्यादा होती आणि तेवढाच वाटा केंद्राने उभारावा अशी अट होती. करदात्याकडून नाममात्र शुल्काहून अधिक काही घेता येत नाही. अनुदान सरकारचे असले तरी केंद्र करदात्याची बाजू मांडते, हे त्या योजनेचे वैशिष्ट्य आहे.

आपल्याकडे 2006 मध्ये कर विवरणपत्र साहाय्यकांची योजना सुरू झाली. प्रशिक्षित पदवीधरांना विवरणपत्रासोबत भरल्या गेलेल्या कराच्या प्रमाणात सरकारकडून मोबदला मिळावा, अशी तिची रचना होती. परंतु ज्याला कर भरावयाचा नसून परत घ्यावयाचा आहे, त्याच्या कामाला या मोबदल्याचे प्रोत्साहन नव्हते. विधी सेवा अधिनियमाचा मार्ग याबाबतीत अधिक व्यापक आहे. केंद्राचे अनुदान राष्ट्रीय विधी सहाय्य निधीत जमा होते. राज्य आणि जिल्हा पातळीवरही असेच निधी आहेत. पॅनेलवरील वकील व विधी स्वयंसेवक यांचे मानधन या व्यवस्थेतून भागविले जाते. मोबदला कराच्या रकमेवर अवलंबून नसल्याने 2,400 रुपयांच्या परताव्यालाही तेथे स्थान आहे.

गावाने काय करावे

2011 च्या विनियमांनी गावात किंवा गावांच्या समूहासाठी विधी सेवा केंद्रे स्थापन करण्याची योजना घालून दिली. प्राथमिक आरोग्य केंद्राप्रमाणे कायद्याचा पहिला उपचार गावातच मिळावा, ही त्यामागील दृष्टी आहे. नोटिशीला उत्तर तयार करणे, अर्ज लिहिणे, नमुने भरून देणे ही या केंद्रांची कामेच आहेत. त्यासाठी पुढील गोष्टी नव्या खर्चाशिवाय करता येण्याजोग्या आहेत.

1. ग्रामपंचायतीने केंद्रासाठी एक खोली व ठरलेला वार द्यावा आणि तो फलकावर लिहावा.

2. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मागणीच्या बिलाबरोबर नमुना 8 चा उतारा पाहण्याची संधी द्यावी व अपिलाचा मार्ग तोंडी समजावून सांगावा.

3. लोक अदालतीपूर्वी एक आठवडा नोटिसा मिळालेल्यांची बैठक घ्यावी आणि तालुका विधी सेवा समितीकडून विधी स्वयंसेवक मागवावा.

4. शिक्षकांनी वरच्या वर्गांत एक तास नोटीस वाचण्यासाठी द्यावा. कार्यालयाचे नाव, दिनांक, रक्कम आणि मुदत या चार गोष्टी विद्यार्थ्याला शोधता आल्या, तर त्या घरातील कागद कपाटात पडून राहणार नाही.

5. 15100 हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक शाळा, चावडी व दूध संस्थेच्या भिंतीवर लिहावा.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. उच्च न्यायालय जिल्ह्याच्या ठिकाणी आले, ही मोठीच सोय झाली. परंतु लहान करदात्याचा प्रश्न बहुधा उच्च न्यायालयापर्यंत जात नाही. तो नोटिशीच्या पहिल्या वाचनातच सुटतो किंवा बिघडतो. ते वाचन करणारा माणूस बहुतेक वेळा गावचा शिक्षक, पंचायत सदस्य किंवा ग्रामपंचायत अधिकारी असतो. त्याने कागदावरील मुदत पाहून त्याच दिवशी योग्य दार दाखविले, तर कायद्याने दिलेला हक्क त्या घरापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.