नव्या पंपावर भिस्त ठेवण्यापूर्वी

मुक्काम अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना

चिरंजीव बाळ,

तुझ्या पत्रातील मजकूर समजला. पेट्रोलच्या टाकीतला पंप बदलला, पैसे खर्ची पडले, आणि तरीही गाडी सुरू व्हायचे नाव घेत नाही, मालक मात्र दोन्ही वेळा दारात येऊन उभा राहतो, ही तुझी कैफियत वाचून मला नवल वाटले नाही. कारण एखादा भाग नवा बसविला म्हणजे त्याच्याविषयीचा संशय कायमचा फिटला, असे धरून चालण्याची जी खोड आपल्या धंद्याला जडली आहे, तिच्यापायी फिटर मंडळी शेजारच्या निरपराध भागांवर पाना चालवीत सुटतात आणि मूळ कसूर जिथल्या तिथे राहते. तुझी तहकीकात उलट दिशेने व्हावी. ज्या जागी तुझा हात शेवटी लागला, तीच जागा प्रथम पाहावी.

सेल्फ जोमाने फिरतो असे तू लिहितोस. तेव्हा धक्का मारणे आधी बंद कर. १४ ऑक्टोबर २०२३ च्या मराठा आरक्षणाच्या सभेला आमच्या शिवारात गाड्यांची जी दाटी झाली, तिच्यात एखादी अडली की धक्क्याला दहा हात धावून येत. लोकांचा सद्भाव मोठा, पण धक्क्याने भागते ते केवळ सेल्फचे काम. पेट्रोलच पोहोचत नसेल तर गाडी वडीगोद्रीच्या फाट्यापर्यंत ढकलत नेलीस तरी निष्पन्न काही होणार नाही. आणि दोष ठिणगीचा असेल, तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कन्व्हर्टरमध्ये जाऊन नवे नुकसान करील.

पेट्रोल पोहोचते की नाही हे पूर्वी सहज कळे: १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चा पंप इंजिनालाच बसविलेला असे, इंजिन फिरले की तो चाले, आणि कार्बुरेटर उघडून पाहिला की खरेखोटे डोळ्यांना दिसे. आता पंप टाकीत बुडालेला असतो आणि हुकूम संगणकाचा चालतो: किल्ली फिरविताच पंप साधारण दोन सेकंद चालून नळीत दाब भरतो आणि इंजिन फिरले नाही तर आपण होऊन थांबतो. हा शिरस्ता ठाऊक नसलेला मनुष्य त्या शांततेलाच पंपाचा मृत्यू समजतो. म्हणून मागचे आसन उचल, टाकीच्या झाकणाजवळ कान ने आणि दुसऱ्या कोणाला किल्ली फिरवायला सांग. बारीक गुणगुण ऐकू आली, तर सेल्फ न मारता किल्ली तीन-चार वेळा चालू-बंद कर. टाकी उघडल्यावर नळीत हवा शिरते, ती निघून गेल्यावर पुष्कळदा गाडी तेवढ्यावरच चालू लागते.

गुणगुण नसेल, तर पंपाच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावून त्याच दोन सेकंदांत तो पेटतो का ते पाहा. मीटरपेक्षा दिव्यावर माझा भरवसा अधिक, कारण गंजून एका तंतूवर आलेली वायरसुद्धा मीटरला पुरते बारा व्होल्ट दाखविते, पण दिवा पेटवायची वेळ आली की तिचे बिंग फुटते. दिवा पेटला नाही तर फ्यूज, रिले आणि अर्थ पाहा. हॉर्नचा रिले त्याच जातीचा असेल तर क्षणभर तो बदलून पाहण्यास हरकत नाही. दिवा लख्ख पेटला आणि पंप मुका राहिला, तर कनेक्टरची पिन मागे सरकली आहे काय ते बारकाईने पाहा, आणि मग नव्या पंपालाच जाब विचार. ही तपासणी टाकीचे झाकण घट्ट बसवून आणि गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवूनच करावी, अशी माझी सक्त ताकीद आहे.

पंपाचा आवाज आहे पण गाडी सुरू होत नाही, ही अवस्था अधिक फसवी. टाकीच्या आतली लहान नळी नीट बसली नाही की पंप इमानाने चालतो आणि पेट्रोल टाकीतच परत सांडत राहते; बाहेरून सर्व आलबेल. इथे दाबाचा गेज लावल्यावाचून गत्यंतर नाही. बहुतेक पेट्रोल गाड्यांत हा दाब तीन ते चार बारच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. पुन्हा टाकी उघडावी लागलीच, तर आधी दाब सोडून बॅटरीची ऋण तार काढ आणि झाकणाभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पूस; आपल्या काळ्या मातीची चिमूटसुद्धा नव्या जाळीला भारी पडते.

दाब पुरा भरला, तर मात्र पंपाचा नाद सोड. प्लग काढून ओला आहे की कोरडा ते पाहा, ठिणगी पाहा, क्रँक सेन्सर पाहा, डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो का तेही पाहा. मग एक नावडता प्रश्न उरेल: जुना पंप खरोखर बिघडला होता काय? त्याची रुजुवात न करता तो काढला असेल, तर मालकाला तसे स्पष्ट सांग आणि अंदाजाने आणलेल्या पुढच्या भागाचे पैसे त्याच्या माथी मारू नकोस. जुना पंप भंगारात घालू नकोस, आणि पेट्रोलने भिजलेला तो उघड्यावर बॅटरीला जोडून चालवून पाहण्याचा वाह्यातपणा तर मुळीच करू नकोस.

दिवा पेटला की नाही आणि गेजने काय दाखविले, एवढे उलट टपाली कळव.

तुझा,
काका