एक्स-रे साफ होता

लहान मुलाला ठसका लागतो, ते निळं पडतं आणि मग एकदाचं रडतं. रडलं की घरातले सगळे मोकळे होतात. निघालं बाई, सुटलो! पण निघालं ते कोणी पाहिलं? आमच्याकडेही कोणी पाहिलं नव्हतं. जे अडकलं होतं ते माझ्या लेकीच्या फुफ्फुसाच्या नळीत तसंच बसून होतं. हे मी त्याच रात्री सांगत होते. ऐकून घेतलं गेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

लेक तेव्हा दहा महिन्यांची. दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाला आलेला, ह्यांची सेकंड शिफ्ट, सासूबाई देवापाशी. मी ओट्याशी आणि समोर चटईवर ती आणि तिचा चार वर्षांचा भाऊ. ठसका ऐकू आला आणि लगेच आवाज बंद झाला. गुदमरलेलं मूल मोठ्याने खोकतं असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तोंड उघडं, डोळे ताणलेले, हात हवेत आणि आवाज अजिबात नाही, असं ते असतं. ओठ बघता बघता जांभळे झाले. सासूबाई ‘वर बघ, चिमणी बघ’ म्हणत टाळूवर फुंकर घालू लागल्या. शेजारच्या काकी धावत आल्या, ‘नोनी ला उल्टा धर’ (पोरीला उलटं धर) म्हणाल्या आणि घशात बोट घालायला गेल्या. बोट मी घालू दिलं नाही. दिसत नसलेली वस्तू बोटाने आणखी आत जाते. ह्यांच्या कारखान्यातल्या सुरक्षा प्रशिक्षणात शिकवलेलं त्यांनी घरी येऊन बाहुलीवर दाखवलं होतं, ते त्या क्षणी हातांना आठवलं.

बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, जबडा तळव्यात धरायचा, गळा दाबायचा नाही, डोकं छातीपेक्षा खाली. हात मांडीवर टेकवायचा आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच थापा द्यायच्या. थोपटायचं नाही, थाप लागली पाहिजे. तरी नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, पाच वेळा दाबायचं. मग परत थापा. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही. मोठ्या माणसांसाठी डॉ. हाइम्लिक यांनी 1974 मध्ये सांगितलेली पोट दाबायची रीत तान्ह्याला करायला गेलं तर आतलं यकृत दुखावू शकतं. बाळ निपचित पडलं तर त्याला कठीण जागी ठेवून 30 वेळा छाती दाबायची, 2 वेळा तोंडाने श्वास द्यायचा आणि हेच चालू ठेवायचं. दुसऱ्या कोणालातरी रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लावायला सांगायचं. आणि मूल जोराने खोकत असेल, रडत असेल तर यातलं काहीही करू नका. त्याचा खोकला आपल्या हातापेक्षा चांगलं काम करतो. पाणी, केळं, भाताचा घास देऊन ‘खाली ढकलायला’ जाऊ नका. वस्तू अन्ननळीत नसतेच, श्वासाच्या वाटेत असते.

थापांनी ती ओकली. मुरमुऱ्याचा लगदा पडला, श्वास आला, रडली. तेवढ्यात मोठा म्हणाला, ‘आई, मी तिला दाणा दिला.’ मी उलटी बोटांनी चिवडून पाहिली. दाणा नव्हता. आणि ती श्वास सोडताना छातीतून बारीक सूं सूं ऐकू येत होतं, जे सकाळी नव्हतं.

पाऊण तासात आम्ही जी. ई. रोडवरच्या एका खाजगी रुग्णालयात होतो. नाव लिहीत नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं: ठसका, निळी पडणं, उलटी, न सापडलेला दाणा. मोठ्या मुलाने स्वतःहून पुन्हा सांगितलं. ‘बच्चे तो कुछ भी बोलते हैं.’ स्वेटरवरूनच स्टेथोस्कोप लावला. एक्स-रे झाला. ‘मॅडम, एक्स-रे क्लिअर है. सर्दी है. आप लोग पॅनिक बहुत करते हो.’ मी विचारलं, शेंगदाणा एक्स-रेत दिसतो का? ते पुढच्या पेशंटकडे वळले. वाफ, सिरप, बिल, घरी.

त्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर मिळालं, ते तुम्ही आताच घ्या. नाणं, पिन, हाड एक्स-रेत दिसतं. शेंगदाणा, फुटाणा, सुपारी, सीताफळाची बी बहुधा दिसत नाही, किरण त्यातून मांसातून जावे तसे पार होतात. दिसतो तो परिणाम. श्वास घेताना नळी जराशी रुंदावते आणि हवा दाण्याच्या कडेने आत जाते, सोडताना नळी आवळते आणि हवा अडकते. त्या बाजूचं फुफ्फुस फुगून राहतं. म्हणून श्वास सोडतानाचा वेगळा एक्स-रे काढायला सांगता येतं, लहान बाळाला कुशीवर निजवूनही काढतात. पहिल्या तासांत हेही दिसेलच असं नाही. खाताना अचानक ठसका लागून मूल निळं पडलं, एवढी हकीकत एक्स-रे साफ असला तरी पुरेशी वजनदार असते.

आणखी एक फसवी गोष्ट. मोठा खोकला येऊन गेला की मूल शांत होतं, खेळतं, हसतं. वस्तू खालच्या नळीत सरकून स्थिरावली की असं होतं. घरचे म्हणतात, बघ, उगाच घाबरलीस. तिकडे दाणा ओल शोषून फुगत असतो आणि त्याच्या तेलाने नळीचं अस्तर सुजत असतं. मग ताप, खोकला, न्यूमोनिया. आमच्याकडे हेच झालं. त्याच रुग्णालयात परत गेलो तर ‘बालदमा’ ठरला आणि पंप लिहून मिळाला. घरी मी एकटीच म्हणत राहिले की दमा असा एका संध्याकाळी चिवडा खाताना सुरू होत नाही. ह्यांनी मात्र मला कधी वेड्यात काढलं नाही, हे लिहायलाच हवं.

शेवटी दुर्गच्या एका वयस्कर बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी झबलं वर केलं. डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं, परत डावीकडे. मग विचारलं, ‘कुछ खाते-खाते खांसी शुरू हुई थी क्या?’ इतक्या सगळ्यांत हा प्रश्न आपणहून विचारणारे ते पहिले. मी बोलायच्या आत मोठा माझ्या मागून म्हणाला, ‘मैंने दाना दिया था.’ त्यांनी कानातून स्टेथोस्कोप काढला, त्याच्याकडे वळून विचारलं, ‘कितना?’ ‘आधा. आधा मैंने खाया.’ डॉक्टरांनी तिथेच चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, आज रात्रीच रायपूर. वाटेत तिला काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल.

पॉवर हाउस, कुम्हारी, रायपूर. तो सगळा रस्ता मी तिच्या बरगड्यांवर हात ठेवून काढला. भूल देऊन, तोंडातून दुर्बिणीची नळी घालून उजव्या नळीतून दाणा काढला. सर्जननी कापसाच्या घडीवर आणून दाखवला: अर्धा दाणा, फुगून मऊ पडलेला, कडेला तो बारीक कोंब अजून चिकटलेला. जर्मनीत गुस्ताव किलियन यांनी 1897 मध्ये एका शेतकऱ्याच्या श्वासनळीतून नळी घालून हाडाचा तुकडा काढला होता. इतकी जुनी विद्या आहे ही. जी. ई. रोडवर त्या रात्री ती कोणाला माहीत नव्हती असं मी मानत नाही. ऐकायची तयारी नव्हती.

आणि खरा संताप तर रायपूरला जुने कागद वाचताना आला. पहिल्या रात्रीच्या केसपेपरवर लिहिलं होतं की काही अडकल्याची किंवा गिळल्याची कोणतीही माहिती पालकांनी दिलेली नाही. मी आणि माझ्या मुलाने, दोघांनी, त्यांच्या टेबलासमोर उभं राहून दिलेली माहिती! नंतर विचारायला गेले तर म्हणे, ‘उस टाइम लक्षण नहीं थे.’ माफीचा शब्द नाही. तेव्हा सांगून ठेवते: उठण्याआधी केसपेपर वाचा. आपण सांगितलेलं त्यात नसेल तर ‘डॉक्टर, हे लिहा’ म्हणा, आणि लिहिल्याशिवाय उठू नका. एक्स-रेची फिल्म बरोबर घ्या. कागद मागितल्यापासून 72 तासांत द्यावे लागतात, हा डॉक्टरांच्या 2002 च्या आचारनियमांतला नियम आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

बाकी सांगण्यासारखं बरंच आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे दाणे, फुटाणे देऊ नका, कूट चालतं. पुढचे दात आधी येतात आणि चावा घेतात, पण भरडणाऱ्या दाढा मागाहून येतात. घड्याळाच्या, खेळण्याच्या बटन बॅटऱ्या तर डोळ्यांसमोरही ठेवू नका. अन्ननळीत अडकलेली बॅटरी दोन तासांत भाजते. छत्तीसगडमध्ये 108 आणि गर्भवती, तान्ह्यांसाठी 102 या गाड्या फुकट आहेत. धीर धरा, प्रथमोपचार शिकून घ्या, नंबर भिंतीवर लावा. आमच्या वस्तीतल्या मितानिन दीदीने, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीने, शिकवलेलं मोजणं मात्र रोजच्या उपयोगाचं आहे: मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे 50 किंवा जास्त भरले, बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हणं ऐकू येत असेल, दूध ओढता येत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही.

आणि भावंडांना दटावू नका. ‘तूच दिलास ना!’ असं नातेवाइकांपैकी दोघी-तिघी माझ्यादेखत त्याला बोलल्या, मी त्यांना तिथेच थांबवलं. त्या रात्री त्याने मार खाल्ला असता, तर दुर्गच्या डॉक्टरांसमोर त्याने तोंड उघडलं नसतं.