पूल कोणाचा?

नदीला पाणी चढले की नावाडी आपल्याला पलीकडे नेतो आणि पैसे घेतो. नाव त्याची, मेहनत त्याची. आपण कुरकुर करीत नाही. मग कोणी पूल बांधून पैसे मागितले तर बिघडले कुठे?

बिघडले काहीच नाही. पण किती मागायचे आणि कुठवर मागायचे, ते कागदात पाहावे लागते.

दिल्लीजवळ यमुना नदी आहे. अलीकडे दिल्ली, पलीकडे नोएडा शहर. मधला पूल व रस्ता एका खाजगी कंपनीने बांधला. करार १९९७ साली झाला, पूल २००१ साली सुरू झाला. पूल चांगला होता. लोकांचा फेरा वाचला, हे कबूल केले पाहिजे.

करार असा : तीस वर्षे कंपनीने गाड्यांकडून पथकर, म्हणजे टोल, घ्यावा. त्यातून खर्च काढावा, वर त्या खर्चावर दरसाल शेकडा वीस नफा घ्यावा. मग पूल परत द्यावा. पण गोम पुढेच होती. एखाद्या साली वीस सुटले नाहीत, तर उरलेले पैसे मूळ खर्चात मिळवायचे! आणि सारे फिटेपर्यंत मुदत वाढवायची.

हा हिशेब ओळखीचा वाटतो ना? सावकाराचे शंभर घेतले. व्याज वीस. आपण दहा दिले. उरलेले दहा मुद्दलात गेले. मुद्दल झाले एकशेदहा. पुढल्या साली व्याज बावीस. पुन्हा दहा दिले, तर मुद्दल एकशेबावीस. वीस रुपये देऊन बसलो, आणि कर्ज बावीसनं वाढलं!

पुलाचंही तसंच झालं. लोक पैसे भरत होते, अन् खर्चाचा आकडा वाढत होता. पूल तर तोच, नवा दगडही लागला नव्हता.

२०१२ साली नोएडाच्या रहिवाशांच्या संघटना कोर्टात गेल्या. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी अलाहाबाद हायकोर्टाने टोल बंद केला. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली. तिथे सरकारी हिशेब तपासनिसांकडून वह्या तपासून घेतल्या. खर्च आणि वाजवी नफा कंपनीला केव्हाच मिळाला होता. शिवाय काम देताना निविदाच मागवल्या नव्हत्या. २० डिसेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने कंपनीचे म्हणणे फेटाळले.

त्या पुलावर आता गाडीला टोल पडत नाही.