माप आपल्या हाती
छोट्या गावाच्या अर्थकारणाचा एक अभ्यास

उन्हाळ्याच्या तोंडाशी गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मोहाची फुले गळू लागतात. पहाटेपासून बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. वेचलेली फुले अंगणात वाळतात आणि त्यांतील मोठा भाग आठवडी बाजारात व्यापाऱ्याच्या तराजूवर जातो. घरात रोकड नसते, साठवणुकीला कोरडी जागा नसते. म्हणून भाव पडलेला असतानाच माल विकावा लागतो. पुढे पावसाळ्यात घरात चणचण भासू लागली, की तीच फुले चढ्या भावाने विकत आणण्याची पाळी येते. वर्षअखेरीस त्या घराला विचारले, की मोहापासून तुम्हाला नेमके काय मिळाले, तर उत्तर देता येत नाही. व्यापाऱ्याला ते पैशापर्यंत सांगता येते. कारण तराजू त्याचा आणि वहीही त्याचीच.

आडवळणाच्या, छोट्या आणि सहज मोडून पडणाऱ्या गावांच्या दारिद्र्याची चर्चा करताना आपण पावसाला, जमिनीला किंवा शासनाला दोष देतो. ही कारणे खरी आहेत. परंतु त्यांच्या आधी एक कारण येते. जे गाव आपली संपत्ती स्वतः मोजत नाही, त्याच्या संपत्तीचे मोल दुसरा कोणी तरी ठरवतो. हे मोजमाप कसे करावे आणि त्यातून गावाचे अर्थकारण पुन्हा कसे उभे राहू शकते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

तथागतांचा तराजू आणि तलाव

अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाला तथागतांनी केलेला उपदेश आहे. आम्ही संसारी माणसे, बायकामुलांत राहणारी. आमच्या या जन्मीच्या हिताचे काही सांगा, अशी त्याची विनंती होती. तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या : उट्ठानसंपदा म्हणजे उद्योगशीलता, आरक्खसंपदा म्हणजे मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्तता म्हणजे सज्जनांची संगत आणि समजीविता म्हणजे आय-व्ययाचा तोल राखून जगणे.

समजीविता समजावताना त्यांनी तराजूचा दृष्टांत दिला. तराजू धरणाऱ्याला पारडे किती खाली गेले आणि किती वर आले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपली आवक आणि जावक कळली पाहिजे. आवक अल्प असून उधळपट्टी करणारा जसा चुकतो, तसाच आवक मोठी असून उपाशी राहणाराही चुकतो. त्याच सुत्तात पुढे तलावाचा दृष्टांत येतो. तलावाला पाणी येण्याचे चार मार्ग आणि जाण्याचे चार मार्ग आहेत. येण्याचे मार्ग बुजवले, जाण्याचे उघडे ठेवले आणि पाऊसही पुरेसा झाला नाही, तर तलाव आटणारच. संपत्ती वाहून जाण्याच्या चार मार्गांत मद्यपान आणि जुगार यांची नावे तेथे स्पष्ट घेतलेली आहेत.

हा उपदेश एका गृहस्थासाठी असला, तरी तो संपूर्ण गावालाही लागू पडतो. आपल्याकडे गावाच्या विकासाची चर्चा बहुधा किती निधी आला यावर थांबते. तलावात किती पाणी आले हे आपण विचारतो. किती टिकले हे विचारत नाही.

आलेला पैसा किती वेळा फिरतो?

ही गोष्ट साध्या गणिताने समजून घेऊ. समजा, एका वस्तीत मजुरीचे १०० रुपये आले. लोकांनी त्यांतील ८० रुपये गावातच खर्च केले : गावातील शेतकऱ्याची भाजी, शिंप्याची शिलाई, गवंड्याची मजुरी. ज्यांना हे ८० रुपये मिळाले, त्यांनीही त्यांतील ८० टक्के, म्हणजे ६४ रुपये, गावातच खर्च केले. हे चक्र असेच चालत राहिले, तर बाहेरून आलेल्या १०० रुपयांतून गावात एकूण ५०० रुपयांचे उत्पन्न निर्माण होते. आता समजा, दर फेरीला गावात केवळ २० टक्केच राहिले आणि बाकीचे सावकाराचे व्याज, तालुक्यातील दुकान, दारू आणि दवाखाना यांत बाहेर गेले. तर त्याच १०० रुपयांतून एकूण उत्पन्न होते फक्त १२५ रुपये.

दोन्ही गावांच्या सरकारी नोंदीत आलेला निधी सारखाच दिसेल. प्रत्यक्षात मात्र एका गावात चौपट फरक पडलेला असेल. म्हणून आवक मोजणे जितके आवश्यक, तितकेच गळती मोजणे आवश्यक आहे.

मेंढा (लेखा) गावाचा अनुभव

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव आहे. लोकसंख्या पाचशेच्या आसपास. भोवती सुमारे १,८०० हेक्टर जंगल. या जंगलातील बांबू पूर्वी ठेक्याने कागद उद्योगाकडे जात असे. गावाच्या वाट्याला तोडणीची मजुरी येई. बांबूचे मोल कधी येत नसे. देवाजी तोफा यांच्यासारखे ग्रामस्थ आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते यांच्या सहवासात १९८० च्या दशकापासून या गावाने वेगळी वाट धरली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आज महाराष्ट्राला परिचित आहे.

घोषणेपेक्षा त्या गावाची कार्यपद्धती अधिक अभ्यासण्याजोगी आहे. तेथे निर्णय घेणारी ग्रामसभा आणि विषय समजून घेणारा अभ्यास गट, अशा दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या गेल्या. अभ्यास गटात बाहेरचे जाणकार येऊ शकत. माहिती देत, कायदा समजावून सांगत, चर्चा करीत. निर्णय मात्र ग्रामसभेत, स्त्री-पुरुषांच्या उपस्थितीत आणि सर्वसहमतीने होई. मताधिक्याने एखाद्या घराला दडपून पुढे जाण्यापेक्षा उशीर झाला तरी चालेल, अशी ही रीत आहे. गावात दारूच्या प्रश्नावरही असाच विचार झाला आणि संपत्ती वाहून नेणारा एक मार्ग गावाने स्वतःच रोखला. सामूहिक कामासाठी ग्रामकोष उभा राहिला. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने आपल्या मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगाला, दोन व्यवसायाला आणि चौथा आपत्काळासाठी राखावा असे सांगितले आहे. ग्रामकोषामागील विचार त्याच जातीचा आहे.

वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला आणि त्याची अंमलबजावणी २००८ पासून सुरू झाली. त्या कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली. २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. परंतु कागदावर हक्क मिळाला, तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे आणि तो देण्याचा अधिकार वनखात्याकडेच होता. जो माल विकण्यासाठी हलवता येत नाही, त्याची मालकी कोणत्या कामाची? गावाने हा प्रश्न शांतपणे पण चिकाटीने लावून धरला. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. त्यानंतर बांबूची विक्री ग्रामसभा करू लागली. जंगल तेच होते, हातही तेच होते. फरक पडला तो माप कोणाच्या हाती, यात.

माप हाती आले, की जबाबदारीही येते. बांबूच्या बेटातील कोवळे बांबू राखून पक्व तेवढेच तोडले, तर बेट दर पावसाळ्यात नवे कोंब देते. एका हंगामाच्या लोभाने सरसकट तोड केली, तर पुढील वर्षांचे उत्पन्न आजच खाल्ले जाते. ठेकेदाराला ठेक्याच्या मुदतीपुरते पाहावयाचे असते. गावाला नातवंडांपर्यंत पाहावे लागते. म्हणून गावाच्या हिशेबात विक्रीच्या रकमेबरोबरच जंगलात मागे काय उरले, याचीही नोंद असावी लागते.

बाबासाहेबांचा इशारा

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती योग्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली होती. स्थानिक संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर असलेल्या खेड्याला राज्यव्यवस्थेचा पाया न मानता त्यांनी व्यक्तीला पाया मानले. मग गावाच्या हाती माप देण्याची गोष्ट आपण कशी करावी?

मेंढा (लेखा) हे बहुतांशी एकाच समाजाचे गाव आहे. आपल्यापैकी अनेकांची गावे तशी नाहीत. तेथे 'गावाची संपत्ती' या शब्दांआड कोणाची संपत्ती लपलेली आहे, हे विचारावेच लागते. महाडचे चवदार तळे हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले असल्याचे ठरवले. नोंदीत तळे सर्वांचे झाले. ओंजळ मात्र पाण्यापर्यंत पोहोचली नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कागदावरील हक्क आणि वापरातील हक्क यांतील अंतर मोजणे, हा त्या सत्याग्रहाचा अर्थशास्त्रीय धडाही आहे.

आणखी एक धडा बाबासाहेबांच्या १९१८ च्या, भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंधात मिळतो. जमीन किती एकर आहे एवढ्यावरून ती किफायतशीर की नाही हे ठरत नाही. तिच्याबरोबर श्रम आणि भांडवल कोणत्या प्रमाणात आहे यावर ते ठरते, असे त्यांनी दाखवले. शेतीवर अवलंबून राहिलेले जास्तीचे हात हे मूळ दुखणे असून त्या हातांना उद्योग हवा, हा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे चुकीचे माप लावले, तर उपायही चुकतो. पुढे १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तेव्हाही प्रश्न हाच होता : पडीक जमिनीची नोंद आहे, पण ती कसणाऱ्या हातांची नोंद कोठे आहे?

म्हणून गावाचे मापन हे घराघरांतून, व्यक्तीव्यक्तीतून सुरू झाले पाहिजे. गावाची सरासरी पुरेशी नाही. सर्वांत शेवटच्या घराचे पारडे कोठे आहे, यावरून गावाची परीक्षा व्हावी.

पाच मोजण्या

आपले गाव, पाडा किंवा वस्ती समजून घेण्यासाठी पुढील पाच मोजण्या एका वहीत करता येतील. त्यांना विशेष साधन लागत नाही.

पहिली मोजणी आवकेची. शेती, मजुरी, वनोपज, बाहेरगावी गेलेल्यांनी धाडलेले पैसे आणि शासकीय योजना, या प्रत्येकातून वर्षभरात किती आले?

दुसरी मोजणी गळतीची. बाहेरून विकत घेतलेल्या वस्तू, व्याज, दारू, औषधोपचार. यांतील कोणती गोष्ट गावात तयार होऊ शकली असती?

तिसरी मोजणी सामायिक संपत्तीची. जंगल, गायरान, तळे, विहीर, समाजमंदिर. प्रत्येकीपुढे दोन रकाने असावेत : नोंदीत हक्क कोणाचा आणि वापर प्रत्यक्षात कोणाचा.

चौथी मोजणी कामाच्या दिवसांची. स्त्रिया आणि पुरुष यांचे दिवस वेगळे लिहावेत. पाणी, सरपण, स्वयंपाक आणि लेकरे यांत जाणारे स्त्रियांचे तास बिनमोल म्हणून सोडून देऊ नयेत. स्थलांतराचे महिनेही नोंदवावेत.

पाचवी मोजणी हिश्श्याची. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावी अशी तरतूद आहे. ती रक्कम किती होती, कशावर खर्च झाली आणि त्यातून सर्वांत गरीब घराला काय मिळाले? हे ग्रामसभेत विचारता येते आणि माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने लेखीही मागता येते.

मोजणी पूर्ण झाली, की सर्व गळती एकदम बंद करण्याचा हट्ट धरू नये. एक मार्ग निवडावा. मोहाचेच उदाहरण घेतले, तर दहा घरांनी मिळून एक कोरडी खोली, एक प्रमाणित वजनकाटा आणि एक वही एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. हंगामात विकण्याची घाई टळली, तर गळतीचा तो एक मार्ग अरुंद होतो. पुढील वर्षी दुसरा मार्ग निवडावा. अर्थकारणाचे पुनरुज्जीवन बहुधा असेच, एकेक भोक बुजवत होते.

कल्याणमित्राचे काम

या विद्यालयातून बाहेर पडलेल्यांपैकी कोणी शहरात नोकरीस आहेत, कोणी शिक्षक, परिचारिका, अभियंते झाले आहेत. गावाकडे पैसे पाठवणे हे त्यांचे ऋण फेडण्याचे एक रूप आहे आणि त्याचा आदरच केला पाहिजे. परंतु गळक्या तलावात ओतलेले पाणी टिकत नाही, हेही आपण पाहिले. गावाला त्यांच्याकडून याहून मोलाचे काही मिळू शकते. एका सुटीत वही घेऊन गावात बसावे. पहिली नोंद आपल्या आईच्या किंवा आजीच्या दिवसाची घ्यावी : ती किती वाजता उठते, किती तास राबते, आणि त्यातील किती तासांचे मोल कोणी दिले. त्यानंतर शेजारच्या घरी जावे.

मात्र वही आपल्याकडे ठेवू नये. दीघजाणुला सांगितलेल्या चार गोष्टींत कल्याणमित्तता आहे. आणि कल्याणमित्र माप स्वतःच्या मुठीत ठेवत नाही. तो ते वाचावयास शिकवतो, चुका दाखवतो आणि निर्णय ज्यांच्या आयुष्याचा आहे त्यांच्यावर सोपवून बाजूला होतो. मेंढ्याच्या अभ्यास गटात येणाऱ्या बाहेरच्या मित्रांनी एवढेच केले. आपल्या वस्तीतील एखादी बाई पुढील उन्हाळ्यात बाजारात उभी राहून व्यापाऱ्याला शांतपणे सांगू शकली, की हे वजन आम्ही घरी करून आणले आहे, तर आपली वही सार्थकी लागली असे समजावे.