लोकांची ओरड आणि अधिपतीचे ताट

शास्त्रपाठ : नहेम्या ५:१-१९, २ करिंथ ८:१६-२१
मुखपाठ : २ करिंथ ८:२१

यरुशलेमाचा तट निम्म्या उंचीपर्यंत आला होता. शत्रूंच्या थट्टेने व धमक्यांनी काम थांबले नाही. परंतु पाचव्या अध्यायात तटाच्या आतूनच मोठी ओरड उठते, आणि ती परक्यांविरुद्ध नसून आपल्याच यहूदी बांधवांविरुद्ध आहे.

१. ओरड कशाची? (वचने १-५)
कोणाच्या घरी खाणारी तोंडे पुष्कळ, पण धान्य नाही. कोणी दुष्काळात शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली. कोणी राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले. शेवटी पोटची मुले दास्यात द्यावी लागली. सर्व एकाच वंशाचे, तट बांधणारेही सर्वच. पण संकटात एक कंगाल झाला व दुसऱ्याची जमीन वाढली. अशा वेळी पुढाऱ्यांवर लोकांचा विश्वास कसा राहावा?

ही गोष्ट जुनी नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. प्रथम ठेवीदाराला सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. पुढे ती मर्यादा वाढवण्यात आली. बँकेच्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच उद्योगसमूहाकडे अडकला होता व तो हिशेबात लपवला होता, असे उघडकीस आले. पेन्शनर, लहान दुकानदार, गृहनिर्माण संस्था रस्त्यावर आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींच्या विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. तरीही मोठ्या ठेवी टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षे वाट पाहून मिळावयाच्या होत्या. पैसा हप्त्यांनी परत येऊ शकतो. उडालेला विश्वास इतका सहज येत नाही.

२. नहेम्याने काय केले? (वचने ६-१३)
त्याला संताप आला, पण बोलण्यापूर्वी त्याने मनाशी विचार केला. त्याने ओरडणाऱ्यांना गप्प केले नाही. सरदारांना व अधिकाऱ्यांना त्याने मोठ्या सभेपुढे दोष दिला, तेव्हा त्यांना उत्तर सुचले नाही. आपण व आपल्या माणसांनीही कर्ज दिले आहे, हे त्याने त्याच सभेत सांगितले. मग शेते, घरे व व्याज त्याच दिवशी परत करण्यास सांगून याजकांपुढे शपथ घेवविली. नुसता खेद व्यक्त करून त्याने कोणाला सोडले नाही.

३. अधिपतीचे ताट (वचने १४-१९)
पूर्वीचे अधिपती लोकांकडून अन्न, द्राक्षारस व चाळीस शेकेल रुपे घेत. त्यांचे चाकरही लोकांवर सत्ता गाजवीत. नहेम्याने बारा वर्षे आपला हक्काचा भत्ता घेतला नाही, जमीन विकत घेतली नाही, उलट दीडशे माणसे आपल्या पंक्तीला जेवू घातली. याचे कारण तो देतो : देवाचे भय. लोकांवरील ओझे त्याला दिसत होते.

४. आपल्या मंडळीचे काय?
सरकार व बँका यांच्यावर बोट ठेवणे सोपे आहे. पण मंडळी हीसुद्धा एक संस्था आहे. विधवेच्या दानाचा हिशेब तिला समजेल अशा भाषेत वाचला जातो काय? मंडळीच्या जमिनीविषयीचा निर्णय सभेत होतो की चार जणांत? प्रश्न विचारणाऱ्याला आपण बंडखोर ठरवतो काय? यहूदीयातील गरिबांसाठी जमलेली वर्गणी पौलाने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला बंधू बरोबर घेतला. पौलावर संशय होता म्हणून नव्हे, तर संशयाला जागाच राहू नये म्हणून. प्रामाणिक खजिनदाराला हिशेब तपासनिसाचे भय वाटत नाही. तपासणीने त्याचेच रक्षण होते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी
१. वर्गातील दानाचा हिशेब मुलांकडूनच फळ्यावर लिहवून घ्यावा व तो पैसा कोठे गेला हे पुढच्या आठवड्यात सांगावे.
२. मोठ्या वर्गाला विचारावे : नहेम्याने भत्ता घेतला असता तर त्यात अन्याय होता काय? मग त्याने तो का सोडला?
३. आपल्या मंडळीत कोणाची ओरड अजून सभेपर्यंत पोहोचलेली नाही?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या हाती सोपविलेले सर्व तुझे आहे याची आठवण आम्हांला दे. गरिबाची ओरड ऐकण्यास कान व घेतलेले परत करण्यास धैर्य दे. आमेन.