औषधाचा डबा : थोडा ठेवा, पण नीट ठेवा



वस्तीत घरोघर गेलो की आम्ही म्हणतो, "ताई, औषधाचा डबा दाखवा." डब्यातून निघतात मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या. पट्टी कापलेली, त्यामुळे नाव नाही, तारीख नाही. लेकराला जुलाब लागले की त्यातलीच एक दिली जाते. धोका इथेच आहे. जुलाबात मूल बहुधा दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. ते भरून काढणे हाच पहिला उपचार.

डब्यात एवढे ठेवा : ओआरएसची दोन-तीन पाकिटे, पॅरासिटामॉल, थर्मामीटर, स्वच्छ गॉज, चिकटपट्टी. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात मागा.

ओआरएस : मोठे पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात घाला. पाणी उकळून गार केलेले घ्या. अर्धे पाकीट अंदाजाने घालू नका. द्रावण 24 तासांत संपवा, उरले तर फेकून द्या. उलटी झाली तर 10 मिनिटे थांबा, मग चमच्याचमच्याने पाजा. अंगावरचे दूध बंद करू नका. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. झिंक सांगितल्याप्रमाणे 14 दिवस द्या, जुलाब थांबले तरी.

तापाचे औषध : सिरप 125 आणि 250 अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. शेजारच्या बाटलीचा अंदाज आपल्या बाटलीला लावू नका. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. नर्सताईंकडून बाटलीवर लिहून घ्या.

देऊ नका : उरलेली अँटिबायोटिक, आणि मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी.

थांबू नका : डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले, पीत नाही, शौचात रक्त आहे, लघवी होत नाही, तर 108 ला फोन करा. वाटेतही ओआरएस पाजत राहा.

विनयपिटकात प्रसंग आहे. जुलाबाने घाणीत पडलेल्या भिक्खूकडे कुणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदांना सोबत घेऊन त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. आजाऱ्याची सेवा हा आपला धम्मच आहे; ती समजून-उमजून करू या.

शाळेत जाणाऱ्या लेकीला दर महिन्याला डब्यातल्या तारखा वाचायला लावा. येत्या रविवारी वंदनेनंतर आपापला डबा विहारात आणा. नाव-तारीख नसलेले सारे मिळून बाजूला काढू.

नमो बुद्धाय!